झिजलेले खिळे

नातीच्या लग्नाची पत्रिका आजोबांनी घरच्या छापखान्यात, अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक लावून, आपल्या लाडक्या टाइपात जुळवली. उभ्या रेघा जाडजूड, आडव्या केसासारख्या बारीक आणि टोकांना तितकेच नाजूक पाय. बाकीचे टाइप त्यांच्या लेखी गोणपाट. "पैलवानाच्या कमरेला रेशमाचा दोरा!" असं म्हणत आजी त्या टाइपाला चाळीस वर्षं चिडवत आली होती. छापखान्यातलं प्रत्येक प्रूफही तेवढीच वर्षं तिनेच वाचलं होतं.

तिने पत्रिका खिडकीच्या उजेडात धरली. "अहो, बारीक रेघा उमटल्याच नाहीत. नुसते खांब दिसतायत. शाई कमी पडली वाटतं."

आजोबांनी शाई वाढवून दुसरं प्रूफ काढलं, मग तिसरं. तिला खांबच दिसले.

कागद कापणाऱ्या सुनेने हात पुढे केला. "द्या आई, मी वाचते. मला तर सगळं स्वच्छ..."

आजीने प्रूफ आणखी घट्ट धरलं.

"तू कागद काप," आजोबा मध्येच म्हणाले. "खिळे झिजलेत मेले. म्हातारे झाले, त्यांना आता नाजूकपणा झेपत नाही." त्यांनी जाड, साध्या टाइपात सगळी पत्रिका पुन्हा जुळवली आणि नवं प्रूफ आजीपुढे ठेवलं. "हं, काढ बघू माझी चूक."

पहिल्याच ओळीत तिने ती काढली, वर दोन शब्द सुनावलेही.

मग ती जुने खिळे खणात परत लावायला बसली. एकेक खिळा हातात घेताना त्याच्या बारीक रेघा तिच्या बोटाला नव्यासारख्या टोचत होत्या.

"खरंच हो," ती म्हणाली, "पार झिजलेत."