आतून आलेलं उत्तर

गल्लीत एकतीस दारं होती. त्यांतली नऊ हिरवी. नवांपैकी पाचांचा रंग अलीकडचा होता. खपली निघाली तिथं खालून पिवळा डोकावत होता. उरली चार. त्यांतल्या एकाच्याच चौकटीवर दगडात मासा कोरलेला होता.

“सुट्टीवर आलोय की जनगणनेला?” ऑस्नरनं विचारलं. बर्फाच्या गोळ्याचं लाल पाणी त्याच्या मनगटावरून ओघळत होतं. पहाटे बसमधून काप शहरात उतरल्यापासून त्याला तीनच गोष्टी हव्या होत्या: समुद्र, काजू घातलेली कोंबडी आणि झोप. लग्नानंतर सहा वर्षांनी मिळालेली ही पहिली सुट्टी, आणि बायको भर उन्हात दारं मोजत निघाली होती.

“हेच ते,” गेर्दा म्हणाली. “हिरवं दार, वर मासा, बाबा सांगायचे तसंच. त्यांनी आनेलियाला इथं सोडलं होतं.”

ऑस्नरचा गोळा हातातच राहिला. आनेलिया म्हणजे गेर्दाची थोरली बहीण. आठ वर्षांची असताना तिला कापच्या एका बड्या घरी ठेवलं होतं. ते शाळेत घालणार, तिनं घरकाम करायचं. दहा महिन्यांनी निरोप आला: पोरगी पळाली. त्याला सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत घरात तिला कोणी मेलेली म्हटलं नाही आणि जिवंतही म्हटलं नाही. आता गेर्दाची आई गावी, जाकमेलला, अंथरुणाला खिळली होती आणि तिला एवढंच कळायला हवं होतं, पोरीच्या नावानं मेलेल्यांसाठीची नऊ दिवसांची प्रार्थना बसवायची की नाही.

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर आला असतास?”

“आलोच असतो. पण जेवून.”

त्यानं गोळा गटारात टाकला, हात पँटला पुसले आणि दारापुढे उभा राहून खणखणीत हाक दिली, “ओने!”

परक्या दारात उभं राहिलं की मानाची ही हाक द्यायची. आतून “रेस्पे” असं आदराचं उत्तर आलं, की मगच उंबरा ओलांडायचा. उत्तर नाही आलं तर प्रत्यक्ष बिशपनंही बाहेरच थांबायचं.

“रेस्पे!”

आवाज लहान मुलीचा होता. थोडी धाप लागलेला, हातातलं काम टाकून पळत आल्यासारखा. ऑस्नरनं दार लोटलं. ते उघडलं.

आत फरसबंद अंगण, मधोमध लाकडी झाकणाचं टाकं, भिंतीशी विझलेली कोळशाची शेगडी. कोणीच नाही.

“लपलीस होय गं?” ऑस्नर हसत म्हणाला आणि दाराआड डोकावला. तिथं भिंत होती.

अंगणाच्या मागच्या बाजूला बोळाचं दार वाजलं. बाजाराची टोपली घेऊन सत्तरीची एक बाई आत आली आणि जागच्या जागी थांबली.

“कोण तुम्ही? आत कसे आलात?”

“माफ करा, मादाम. हाक दिली. आतून उत्तर आलं, म्हणून पाऊल टाकलं.”

“कोणाचं उत्तर?”

“तुमच्याकडच्या पोरीचं.”

बाईनं टोपली हळूच खाली ठेवली. “या घरात मी एकटी राहते. आणि त्या दाराला आतून कडी आहे. सकाळी माझ्या हातानं लावलेली.”

तिघांनीही वळून पाहिलं. कडी दाराला लोंबत होती, अजून जराशी हलत. ऑस्नरच्या मानेवरचा घाम एकदम गार झाला.

गेर्दाचा आवाज मात्र शाळेत शिकवताना असायचा तसाच होता. “आनेलिया नावाची मुलगी तुमच्याकडे कामाला होती. मी तिची धाकटी बहीण.”

बाईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “होती. पळाली. पोलिसांत तेव्हाच कळवलं होतं. एवढीशी तर होती,” तिनं तळहात आपल्या कमरेशी आडवा धरला, “पण जीभ हातभर. आमचंच खायची आणि आम्हालाच उलट बोलायची.”

“मार्च होता ना?”

“मार्चच. असाच कोरडा. या दिवसांत टाक्यात गुडघाभर पाणी असतं. त्यात मांजरसुद्धा बुडायचं नाही.”

“बुडण्याचं मी विचारलंच नाही, मादाम.”

बाहेरून केळीवाली ओरडत गेली. तिचा आवाज कोपऱ्यावर वळून विरला.

“गेर्दा, चल,” ऑस्नर कुजबुजला. “चल इथनं.”

गेर्दा हलली नाही. भिंतीशी आंबे पाडायची लांब काठी टेकवलेली होती, ती तिनं उचलली. “परवानगी आहे?” बाईची नजर पुढच्या दारावरून हलत नव्हती.

ऑस्नरनं दोन्ही हातांनी झाकण सरकवलं. आतून गार, शेवाळी वास आला. गेर्दानं काठी सरळ आत सोडली. ती पाण्यात शिरली, आणखी शिरली, आणि मग खाली दगडावर टक् वाजली. तिनं ती तशीच उभी वर ओढली आणि फरसबंदीवर आडवी ठेवली. ओलं कुठं संपतं तिथं नखानं खूण केली आणि टोकापासून वितीनं मोजायला लागली, मध्ये फट न सोडता, शाळेत मुलांना शिकवते तशी. बाईचा तळहात मघासारखा कमरेशी आला आणि तिनं तो झटकन मागे घेतला.

“किती?” ऑस्नरनं विचारलं.

“सात विती. माझी वीत एकोणीसची,” गेर्दा म्हणाली. “एकशे तेहतीस सेंटीमीटर.”