ह्यांचा रेसिंगचा क्लच

आमच्या ह्यांनी स्पोर्ट्स कारसाठी रेसिंगचा क्लच आणि हलकं फ्लायव्हील निवडायला जेवढा विचार केला, तेवढा मला पसंत करतानाही केला नव्हता. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, पेडल दगडासारखं जड होईल, गाडी पावलोपावली बंद पडेल." मीही तेच म्हटलं. "तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" म्हणत ह्यांनी तोच सेट बसवून घेतला.

परवा भरदुपारी गाडी चोरीला गेली. हे रडवेले होऊन पोलिसांना घेऊन धावले, तर चोर गल्लीच्या तोंडाशीच सापडला. बंद पडलेल्या गाडीत डावा गुडघा चोळत बसला होता. पळायचंही त्राण उरलं नव्हतं बिचाऱ्याला.



ह्यांना पाहताच कळवळून म्हणाला, "काका, जुना क्लच बसवून घ्या हो!"