सात ओळी

“टीव्हीवर लय लवकर गेलं,” पंचफुलामावशी म्हणाल्या. “मले तं त्या म्हाताऱ्याचे हातच दिसले फक्त. मोबाइलवर दाखव.”

अश्वजितने मोबाइलवर कालचा भाग लावला. मालिका अकरा वर्षांपासून चालू होती आणि तिच्यातलं ‘दैनिक लोकधार’ हे वर्तमानपत्रही तेवढंच जुनं होतं. मालिकेतल्या गावात काहीही झालं की आधी लोकधारमध्ये छापून यायचं आणि दोन-चार भागांत गुन्हेगार हात जोडून उभा राहायचा. गेल्या दिवाळीपासून चित्रीकरणासाठी त्या पेपरची पानं अश्वजित वर्ध्याला घरी बसून संगणकावर लावत होता. मुंबईहून फक्त मथळा यायचा. खाली काहीही भरा, कॅमेऱ्यात वाचता येत नाही, असा निरोप असायचा. तो एकच परिच्छेद आठही रकान्यांत चिकटवून द्यायचा.

या खेपेला चौथ्या रकान्यात त्याने सात ओळी वेगळ्या घातल्या होत्या. तेवढं सांगायलाच तो पुलगावला आला होता.

“पहिले सांग, काय लिवलं?”

त्याला पाठ होतं. “जिनिंगमध्ये कामावर असताना यंत्राच्या पट्ट्यात ओढणी अडकून पौर्णिमा लहानू वासनिक, वय सव्वीस, या कामगार महिलेचा मंगळवारी मृत्यू झाला.”

“कामावर असताना,” मावशी म्हणाल्या.

“हो.”

“अजून एकडाव म्हण.”

त्याने पुन्हा म्हटलं. मावशी ओठ हलवत ऐकत होत्या. जिनिंगवाले सांगत होते की मावशींची पोरगी त्या दिवशी कामावर आलीच नव्हती, कोणाला तरी भेटायला आत शिरली होती. हजेरीत तिचं नाव नव्हतं. सोबतच्या बायकांनी काही पाहिलं नव्हतं. आठ महिने झाले, आणि ती कामावर होती असं कुठंही लिहिलेलं नव्हतं.

दारात शेजारची सपना येऊन उभी राहिली. हातात निवडायच्या मेथीची परात होती.

“काकू, कालचं पाह्यलं का? नंदिनी अजून नाईच सापडली. पोटुशी हाय न बिचारी.”

“पाह्यलं.”

“पण आता सापडते पाहा. लोकधारमधी आलं न. त्याच्यात आलं म्हणजे कोणाची हिंमत होत नाई दाबाची.” तिचं लक्ष अश्वजितकडे गेलं. “काऊन रे, तूच छापतो म्हणते न तो पेपर? मंग तुले तं मालूम असन. जित्ती हाय न ते?”

“मले फक्त मथळा सांगतात, ताई.”

“इचारून ठेवजो,” म्हणून ती गेली. पौर्णिमासोबत जिनिंगमध्ये ती त्या दिवशी तीन हातांवर उभी होती.

मावशींनी दार लोटून घेतलं.

“एक इचारू? त्या खऱ्या पेपरात जागा नव्हती म्हणे तू. याच्यात कशी झाली?”

अश्वजितने मोबाइलचा उजेड उगाच कमी-जास्त केला. तेव्हा तो जिल्ह्याच्या एका पेपरात पानं लावायचा. याच सात ओळी तेव्हा पान पाचवर होत्या. संध्याकाळी सहाला जिनिंगमालकाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात आली, नेमकी तेवढ्याच उंचीची. ओळी कोणी काढल्या, हे मावशींनी कधी विचारलं नव्हतं. काढायला एक कळ दाबावी लागते. ती त्याने दाबली होती.

“याच्यात जाहिरात नसते, मावशी,” तो म्हणाला.

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. मग मोबाइलकडे.

पडद्यावर मालिकेतल्या सासऱ्याने पेपर उघडला. अश्वजितने चित्र तिथंच थांबवलं आणि दोन बोटांनी मोठं केलं. ‘सरंजामे घराण्याची सून बेपत्ता’ हा मथळा स्पष्ट होता. खालचे रकाने राखाडी होते. त्याने आणखी मोठं केलं. अक्षरं वाढली नाहीत, फुटली. त्यांच्या जागी चौकोन आले, काही गडद, काही फिके.

“कुठं हाय?”

“हा चौथा रकाना. वरून तिसऱ्या ओळीत.”

“हे काळं-काळं?”

“त्याच्या बाजूचं. इथून सुरू होते तिचं नाव. इथं संपते.”

दोन्हीमध्ये चार चौकोन होते. मावशींनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. चौकोन चारच राहिले.

“तू म्हणतो तं असन,” त्या म्हणाल्या आणि नाव होतं त्या जागी बोट ठेवलं.

ते बोट नेमकं मध्ये, चित्र सुरू करायच्या खुणेवर पडलं. पेपर हलला. सासऱ्याने त्याची चौपदरी घडी केली, टीपॉयवर टाकली, आणि नोकराने आणलेला चहाचा कप तिच्यावर ठेवला.

अश्वजितने थांबवायला हात पुढे केला. मावशींनी त्याचं मनगट धरलं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “कोण उचलते, ते पाहतो मी.”

सासरा उठून गेला. दोन सुना बोलत आल्या, बोलत गेल्या. कप तसाच होता. मग जाहिरात लागली.