अक्षराचा मतभेद

"गटानं मिळून गोष्ट रचायची, आणि ती आपोआप सुचायला हवी," असं बजावत काटदरे बाईंनी सातवीच्या चौघांना पाठ करायला झाड वाचवण्याची छापील गोष्ट वाटली. दुसऱ्या दिवशी विस्तार अधिकारी तपासणीला येणार होते. अक्षराच्या वाट्याला मतभेद आला. तिनं "मला नाही पटत" म्हणायचं, डोकं खाजवायचं आणि लगेच पटवून घ्यायचं.

"बाई, माझी कल्पना घ्या ना. कुऱ्हाडवाले बघून झाड उठतं आणि चालायला लागतं."

"झाडं चालत नाहीत. तू डोकं नीट खाजव."

अक्षराच्या अंगाचा तिळपापड झाला.

तपासणीला साहेब पुढच्याच बाकावर बसले. मुलं झाडाला मिठी मारून ते वाचवतात, इथवर गोष्ट घडाघडा सुचली.

"मला नाही पटत," अक्षरा म्हणाली.

"पण आपण एकत्र आलो तर झाड वाचेल," गौतमनं ठरल्याप्रमाणे पटवलं.

"तरी नाही पटत! झाड काय ढिम्म उभं राहणार? ते चालायला लागतं!"

बाई दातओठ खात खुणावू लागल्या. गौतमची पाठ केलेली ओळच वाया गेली होती.

"कुठं जातं?" त्यानं खरंच विचारलं.

"कचेरीत, तक्रार करायला!" शबाना ओरडली.

"दुसऱ्या मजल्यावर? जिन्यात फांद्या अडकतील की," चौथा निखिल म्हणाला.

साहेबांनी हातातली छापील गोष्टीची प्रत चाळली. "बाई, हे यात नाही." मग घड्याळ पाहिलं. "उत्स्फूर्ततेची वेळ संपली. बसा सगळे."

"थांबा हो साहेब!" अक्षरा डाफरली. "झाड जिन्यात अडकलंय. आम्ही ढकलतोय."