दोन बोटं आखूड

पडदा तिसऱ्यांदा दोन बोटं आखूड पडला.

मास्तर स्टुलावरून उतरले, गुडघे टेकून बसले आणि पडद्याखालच्या फटीत त्यांनी बोटं घालून पाहिली. चपखल बसली. कापड चपखल बसवण्यात उभा जन्म गेला, आणि आता बसत होती ती बोटं!

"पाहू," म्हणत बाईही वाकल्या. "आहे खरा आखूड."

मास्तर म्हणजे शिंपी, आणि बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं यांनी, आणि गावभर मास्तर म्हणवून घेतलं त्यांनी. यावर दोघं पहिल्याच भेटीत पोटभर हसले होते.

पहिली भेट झाली ती खिडकीमुळे. दिवाणखान्याची जुनी लाकडी खिडकी काढून बाईंनी काचेची बसवून घेतली. सुतार सांगत होता, "चांगली रुंद घ्या, भिंत पुष्कळ आहे." बाई म्हणाल्या, "एकटीला किती उजेड लागतो रे?" सुतारानं खिडकी बसवली, वर दांडा ठोकला आणि तो गेला. मग पडद्याचं कापड निवडायला मास्तर आले.

निवड काही सोपी नव्हती. जाड कापड घेतलं तर भरदिवसा खोली झोपाळलेली वाटायची. झिरझिरीत घेतलं तर सकाळचं ऊन थेट बाईंच्या खुर्चीत येऊन बसायचं. शेवटी मधाच्या रंगाचं, ना जाड ना पातळ असं एक ठरलं. तोवर चहा तीनदा झाला होता. बायको गेल्याला चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत मास्तर एकूण जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या दुपारी बोलले.

माप घ्यायची रीत तेव्हापासून ठरून गेली. बाई स्टुलावर चढून टेपचं टोक दांड्याला धरायच्या, मास्तर खाली बसून आकडा वाचायचे.

पडदा पहिल्यांदा आखूड पडला तेव्हा मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं. पुन्हा माप घेतलं, खालची दुमड सोडवली आणि आठ दिवसांनी पडदा आणला. पुन्हा दोन बोटं! तेव्हा मात्र त्यांना घाम फुटला. आता खाली पट्टी जोडायची ठरली.

"या वेळी आकडा तुम्ही वाचा आणि तुम्हीच लिहा, बाई," ते म्हणाले होते. "माझ्या डोळ्यांचा भरवसा उरला नाही."

"मी जन्मात खोटा आकडा लिहिलेला नाही," बाईंनी बजावलं होतं, आणि टेपचं टोक दांड्याला अडकवून, खाली येऊन टेपला नाक लावून आकडा लिहून दिला होता.

त्या आकड्याबरहुकूम शिवलेला पडदा आज असा लोंबत होता.

मास्तर खुर्चीत बसले. पिशवीतून त्यांनी कात्री काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही आता उचलायची नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मुलाला शब्द दिला होता. तिसऱ्यांदा चुकलो तर दुकान तुझं. मापंही यापुढे तोच घेईल. त्याच्याकडे ते किरणांचं यंत्र आहे. बटण दाबलं की आकडा हजर. दोन मिनिटांत काम उरकून पुढच्या घरी."

"दोन मिनिटांत?" बाईंचा आवाज जरा चिरकला. "आणि चहा? चहा कोण घेणार, यंत्र?"

"चेष्टा नको, बाई. म्हातारपण आलं. मघाशी पडदा अडकवताना हातसुद्धा जेमतेम पोचला. माणूस म्हणे या वयात खचतो. मी बहुतेक दर महिन्याला खचतोय."

बाईंनी नजर बाहीकडे वळवली. पदराच्या टोकानं त्या बाहीवरची पांढरी भुकटी झटकत राहिल्या. मास्तरांना एरवी गंमत वाटली असती. निवृत्तीला सहा वर्षं झाली, तरी खडू काही बाईंना सोडत नाही!

"एवढं काय बिघडलं, मास्तर? राहू दे ना तसाच. मला आवडतो."

"आखूड पडदा माझ्या नावावर लटकलेला मला चालणार नाही." मास्तर उठले. "काढून नेतो. मुलगा नवा शिवून देईल."

"नको!" बाई एकदम पुढे आल्या. "म्हणजे... आज नको. उद्या काढा. परवा काढा. चढू नका हो तुम्ही!"

पण मास्तर चढले होते.

पडद्याच्या कड्या अडकवायला त्यांना कधी चष्मा लागला नव्हता. बोटांनाच डोळे होते. आज मात्र त्या बोटांनाही दिसेना. कडेची कडी काही केल्या सुटेना. शेवटी त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, पडद्याच्या चुण्या बाजूला सारल्या आणि भिंतीला नाक लावलं.

चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं.

दांड्याच्या खुंटीखाली भिंतीत तीन भोकं होती. पांढऱ्या पुट्टीनं नीट बुजवलेली. एकाखाली एक, अगदी सरळ रेषेत, पेन्सिलीनं आखून. मास्तरांनी बोटं ठेवून पाहिली. प्रत्येक दोन भोकांमध्ये बरोबर दोन बोटांचं अंतर होतं. सर्वांत खालच्या भोकावरची पुट्टी जुनी, वाळून खडखडीत. सर्वांत वरची अजून ओलसर होती.

मास्तर सावकाश खाली उतरले. बाई फरशीकडे बघत होत्या, गृहपाठ न केलेल्या मुलीसारख्या.

मास्तरांनी टेबलावरची कात्री उचलली, पुसली आणि पिशवीत ठेवली.

"बाई," ते म्हणाले, "वर छतापर्यंत आता चारच बोटं भिंत उरलीय. म्हणजे माझ्या अजून दोनच फेऱ्या."

बाईंनी मान वर केली.

"सुताराला निरोप धाडलाय," त्या म्हणाल्या. "खिडकी रुंद करायची म्हणून."