किडकी सुपारी

"रिपोर्ट आल्याबिगर सुपारी फोडायची न्हाय, असं कुठल्या पंचांगात लिवलंय गं?" बनाबाईंनी भाचीला विचारलं खरं, पण अडकित्ता खाली ठेवला. निकाल काय लागणार, हे त्यांना ठाऊक होतं. चारचौघांत एकदाचं कळू दे, म्हणून तर घरच्या सगळ्यांबरोबर त्यांनीही तपासणीला बिनबोभाट रक्त काढून दिलं होतं.

शिवाजी पेठेतल्या त्या घराच्या सोप्यात पावणं जमलं होतं. बनाबाईंना भावाची, आकारामची, धाकटी पोरगी स्वप्नाली आपल्या धैर्यशीलला करून घ्यायची होती. थोरली वर्षाराणी आधीच त्यांची सून झालेली. तिच्या लेकाला, उदयाला, सारखं रक्त चढवावं लागे. आई-बाप दोघांकडनं आलंय, असं डॉक्टर म्हणाले होते. बनाबाईंच्या कानात त्यातली आई तेवढी शिरली. सून भावाची लेक, म्हणजे ती बाजू निर्मळच. उरली कोण, तर तिची आई, मलकापूरची विठाबाई. दवाखान्याच्या बाकड्यावर शेजारी बसेल त्या बाईला बनाबाई हे ऐकवत आल्या होत्या.

"आत्ती, आत या जरा." स्वप्नाली दारात उभी होती. हातात मोबाईल.

आत विठाबाई विडे लावत होत्या. स्वप्नालीनं तबकातल्या सुपाऱ्या खाली मांडल्या, त्यात एक पोखरलेली, किडकी. बीएस्सीची पोरगी, पण बोलली सोपं. "हे बघा. ह्या रोगापुरत्या प्रत्येकाकडं अशा दोन असतात, एक आईची, एक बापाची. त्यातली एक किडकी असली तरी माणूस चालतंय-फिरतंय, कळत बी न्हाय. पोराला दोघंबी एकेक देत्यात. दोन्हीकडनं किडकी आली, की आपला उदया."

बनाबाईंनी किडकी सुपारी उचलली आणि विठाबाईंपुढं टाकली. "ही हिची. पुढं सांग."

स्वप्नालीनं ओठ चावला. "आईच्या दोन्ही चांगल्या हाईत, आत्ती. किडकी आबांकडं हाय, तुमच्या भावाकडं. आणि तुमच्याकडं." मग खाली बघत म्हणाली, "धैर्यशीलकडं बी. माझ्याकडं बी. आमचं लग्न झालं, तर दर खेपेला चारात एक वाटा तसलंच पोर व्हायचा."

बनाबाई विठाबाईंच्या तोंडाकडं बघत राहिल्या. आता ही बोलेल. इतक्या वर्षांचं साठलंय, बोलू दे.

विठाबाईंनी विडा मुडपून लवंग टोचली. "वन्सं, पावणं खोळंबल्यात," एवढंच म्हणाल्या.

शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

सुपारी तिथंच पडलेली. विठाबाईंच्या पायांपाशी वाकून बनाबाईंनी ती उचलली, मुठीत धरली आणि सोप्यात आल्या.

"सुपारी फोडायची न्हाय."

"का गं आक्का?" आकाराम अर्धवट उठला. "कुणात खोट निघाली?"

सवयीनं मलकापूर जिभेवर आलंच होतं. मागं उंबऱ्यात विड्यांचं तबक घेऊन विठाबाई उभ्या होत्या.

"आकाराम," बनाबाई भावाकडं वळून म्हणाल्या, "आईनं आपल्या दोघांना सारखंच दिलं, बघ."

त्यांनी सगळ्यांपुढं मूठ उघडली. सुपारीचा चुरा झाला होता, आणि घामानं तळहाताच्या रेघांत बसला होता.