शेवटचा कोपरा

पंचाहत्तर साली उंब्रजचे नाथाजी दिल्लीला, पलटणीतल्या पुतण्याकडं गेले. पुतण्या धोंडिराम त्यांना देशोदेशीच्या कलेचं मोठं प्रदर्शन दाखवायला घेऊन गेला. एका परदेशी दालनात भिंतीवर वाकळ टांगलेली होती. नाथाजी थबकले.

"धोंड्या, ही आमच्या आईची हाय! सरणावर तिच्या अंगावर मीच घातलेली."

"आवं तात्या, ही जहाजातनं आलीया. वाकळी समद्या सारख्याच दिसत्यात."

पण नाथाजींच्या मनात शंकेची पाल चुकचुकत राहिली. वाकळ उपाशी राहू नये म्हणून आई शेवटच्या कोपऱ्यात पोळीचा तुकडा शिवायची. पहारेकऱ्याची पाठ वळताच त्यांनी तो कोपरा चाचपला.

तुकडा होता. मऊ होता, आणि आत्ताच तव्यावरनं काढल्यासारखा ऊन होता.